घंटी वाजेपर्यंत शांतता

गाद्यांच्या कारखान्यातले तपासनीस प्रशिक्षणाहून घरी परतले तेव्हा त्यांच्या हातात एक पितळी घंटी होती आणि चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह होतं. घंटी तिथे मिळाली होती. प्रश्नचिन्ह तिथे शिकवलं होतं.

"काय शिकवलं?" बायकोने विचारलं.

"शिकवणं म्हणजे तुला नेमकं काय अभिप्रेत आहे?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग घंटीकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. "जेवायचंय का?" ती म्हणाली. या प्रश्नाला एकच उत्तर आहे आणि ते लगेच हवं आहे, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. तपासनीस मुकाट्याने पाटावर जाऊन बसले.

झालं होतं ते एका लेबलामुळे. थोरल्या मालकांनी कारखाना काढला तेव्हा प्रत्येक गादीच्या कोपऱ्याला एक कापडी लेबल शिवायची पद्धत घालून दिली. त्यावर लिहिलेलं असे : 'या गादीवर एका माणसाला शांत झोप लागली. मगच ती आपल्याकडे आली.' आणि ते अक्षरशः खरं होतं. थोरले मालक दुपारी जेवून तयार गादीवर आडवे होत. त्यांचं घोरणं ऐकू आलं की शिलाईच्या बाई लेबल टाचत. घोरणं ऐकू आलं नाही तर गादी उसवून पुन्हा भरली जाई. पुढे मागणी वाढली आणि एकट्या मालकांचं घोरणं पुरेनासं झालं, तेव्हा तपासनीसांची नेमणूक झाली. झोपण्याचा पगार मिळणारा जावई म्हणून सासरी त्यांचा मोठा मान होता. लग्नकार्यात लोक त्यांना मुद्दाम भेटायला येत आणि जांभई देतात का ते बघत.

मग रूळ आला. हे यंत्र गादीवरून एक जड रूळ फिरवतं आणि माणसाला जांभई यायला लागतो तेवढ्या वेळात गादी पास करतं. तपासनीसांचं काम उरलं ते एवढंच : शेजारी उभं राहायचं, कोपरा तळहाताने दाबायचा आणि मान डोलवायची. मान डोलली की बाई लेबल टाचत. ते बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि ज्या गोष्टी बंद करायला कुणी सांगत नाही त्या कुठल्याही कचेरीत सूर्यचंद्रासारख्या चालू राहतात.

यात लपवालपवी काही नव्हती. कारखान्यात सगळ्यांनाच माहीत होतं. ज्यांच्यापासून लपवायचं ती गिऱ्हाइकं लांब होती आणि आपापल्या घरी झोपलेली होती.

फक्त तपासनीस झोपत नव्हते. रूळ आला आणि त्यांची झोप गेली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि व्यवसाय विचारला. व्यवसाय ऐकल्यावर ते इतके हसले की औषध लिहायचं राहून गेलं. तेव्हापासून तपासनीसांचे दिवस धुक्यात चालल्यासारखे जात. तपासणीच्या दालनात कापसाचे तंतू तरंगत असायचे, छताच्या काचेतून ऊन त्यांच्यावर पडायचं, आणि ते उघड्या डोळ्यांनी त्याकडे बघत उभे असायचे. रूळ ढगासारखा गडगडत जायचा. लोक म्हणत, काय शांत माणूस आहे!

अशात एके दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका टेम्पोत गादी घालून कारखान्याच्या दारात हजर झाल्या.

"या गादीवर ज्या माणसाला झोप लागली, त्याला मला भेटायचंय," त्या म्हणाल्या.

"तक्रार आहे का?" फाटकावरच्या माणसाने विचारलं.

"तक्रार नाही. मला या गादीवर झोप लागत नाही. त्याला कशी लागली ते विचारायचंय."

फाटकापासून कार्यालयापर्यंत या वाक्यावर कुणाजवळच उत्तर नव्हतं. गादी फाटली तर बदलून द्यायची सोय होती, डाग पडला तर धुऊन द्यायची होती. माणूस दाखवायची नव्हती. प्रकरण वर चढत चढत धाकट्या मालकीणबाईंच्या टेबलापर्यंत गेलं. थोरल्या मालकांच्या माघारी कारखाना त्यांची ही मुलगी बघत होती. बाई नव्या विचारांच्या होत्या.

"परिपत्रक काढून नैतिक प्रश्न सुटत नाहीत," त्या म्हणाल्या. "लोकांनी एकत्र बसून, एकमेकांना प्रश्न विचारत, शांतपणे विचार करायला हवा. तत्त्वज्ञ करायचे तसा. लेबल ठेवायचं की काढायचं, हे शुक्रवारी आपलं संवाद-वर्तुळ ठरवेल. तपासनीस, तुम्ही संवादक व्हा. तुम्ही किती शांत असता."

"आणि लेबल काढायचं ठरलं तर?" तपासनीसांनी विचारलं.

"तर माणसाने तपासायचा प्रश्नच उरत नाही," बाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "रूळ आहेच."

हे त्यांनी कुठलीही कटुता न ठेवता सांगितलं, उद्या ऊन पडेल म्हणावं तसं. तपासनीस बाहेर आले तेव्हा त्यांना कळलं की आपली नोकरी एका कापडाच्या तुकड्याला लटकली आहे आणि तो तुकडा खोटा आहे. कुठल्याही बाजूने विचार केला तरी सोय नव्हती. लेबल राहिलं तर रोज खोट्याला मान डोलवायची. गेलं तर डोलवायला मानच उरणार नाही.

संवादक व्हायचं म्हणून बाईंनी त्यांना प्रशिक्षणाला पाठवलं, तिथे संवादाचे नियम मिळाले. बोलायचं ते स्वतःच्या अनुभवाचं, ऐकीव काही नाही. दुसऱ्याला उत्तर देण्याआधी त्याचं म्हणणं आपल्या तोंडाने पुन्हा सांगायचं आणि 'मी बरोबर सांगितलं का?' असं विचारायचं. तो हो म्हणेपर्यंत पुढे बोलायचं नाही. मोठा प्रश्न आला की घंटी वाजवून सगळ्यांनी गप्प बसायचं आणि पुन्हा घंटी वाजेपर्यंत कुणी अवाक्षर काढायचं नाही. घंटी संवादकाच्या हातात असेल, इतर कुणी तिला हात लावणार नाही. आणि शेवटचा नियम असा, की संवादकाने स्वतःचं मत द्यायचं नाही.

शेवटचा नियम तपासनीसांनी परतीच्या वाटेवर बसमध्ये मनात घोळवला. म्हणजे आपल्या नोकरीबद्दल सगळ्या जगाला बोलता येईल, फक्त आपल्याला नाही. घंटी मात्र आपली.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यातच थांबले. "मत नसेना का, घंटी तर आहे ना?" ते म्हणाले. "विरोधात कुणी तोंड उघडलं की वाजवा. कोर्टात मला कुणी अशी घंटी दिली असती तर आज मी कुठल्या कुठे असतो."

शेजारच्या दंतवैद्यांचं म्हणणं वेगळं होतं. "मी माणसाला आधी तोंड उघडायला लावतो, आत आरसा घालतो आणि मग विचारतो, काय, कसं काय? आजवर एकाशी मतभेद झालेला नाही."

तपासनीसांनी घरी सराव करायचं ठरवलं. "मी काहीतरी म्हणेन," त्यांनी बायकोला समजावलं, "मग तू ते तुझ्या शब्दांत पुन्हा सांगायचं आणि विचारायचं, मी बरोबर सांगितलं का?"

"तुमचं बोलणं एकदा ऐकते तेवढं पुरे नाही का? परत मीच कशाला सांगू?"

"त्यामुळे समजूत वाढते."

"माझी की तुमची?"

तपासनीसांना हा प्रश्न चांगला वाटला. त्यांनी घंटी वाजवली आणि डोळे मिटून शांत बसले. डोळे उघडले तेव्हा बायको तिथे नव्हती. गॅलरीत कपडे झटकल्याचा आवाज येत होता, आणि त्या झटकण्यात बरंच मत होतं.

"त्यांना सरळ सांगा ना, मला नोकरी हवी आहे," ती तिथूनच ओरडली.

"ते मत होईल."

"मत नाही ते, गरज आहे!"

"मत आणि गरज यांच्यातला फरक जर आपण—"

"घंटी खाली ठेवा आधी."

कारखान्यात अडचण निघाली ती आधी वेळेची आणि मग बसण्याची. कर्मचारी अधिकाऱ्यांचं टोपणनाव 'परिपत्रक' होतं, आणि ते त्यांना स्वतःला आवडत असे. संवादाला किती वेळ लागेल यापेक्षा त्या वेळाला म्हणायचं काय, ही त्यांची काळजी होती.

"ही बैठक आहे का?" त्यांनी विचारलं. "बैठक असेल तर ठराव हवा."

"ठराव होईलच असं नाही. आपण विचार करणार आहोत."

"विचार करायला आपल्याकडे वेळ मंजूर नाही. प्रशिक्षण म्हणू?"

"कुणी कुणाला शिकवणार नाही."

"मग सुट्टी?"

"सुट्टीत कुणी येणार नाही."

परिपत्रकांनी कपाळ चोळलं आणि हल्लीच्या काळात काय काय बघावं लागतंय, अशा नजरेने घंटीकडे पाहिलं. अखेर त्यांनी त्या वेळाला 'इतर' असं नाव दिलं आणि मनाचं समाधान व्हावं म्हणून खरोखरच एक परिपत्रक काढलं : संवादाच्या वेळी संवादाचे नियम मोडणं म्हणजे शिस्तभंग समजला जाईल. आजवर त्यांच्या परिपत्रकांनी कुणाचं काही बिघडलं नव्हतं. या परिपत्रकाने मात्र पुढे मोठं काम केलं.

पहिला प्रयत्न कॅन्टीनमध्ये झाला. तिथल्या खुर्च्या जमिनीला बोल्ट मारून घट्ट बसवलेल्या, एकामागे एक, बसमध्ये असाव्या तशा. वर्तुळ कसलं होतंय! पुढचे माना वळवून मागच्यांशी बोलू लागले. हिशेबनीसांच्या मानेत लचक भरली आणि स्वतःच्या अनुभवाचं बोलायचं या नियमानुसार ते शेवटपर्यंत मानेबद्दलच बोलले. ते ज्याने ज्याने पुन्हा सांगितलं त्याने आपापल्या मानेची भर घातली. शेवटी मलम कुठलं चांगलं यावर एकमत झालं आणि जेवणाचा भोंगा वाजला.

मग मालकीणबाईंनीच सुचवलं, "तपासणीच्या दालनात बसा ना! गाद्या गोल मांडा. जमिनीवर बसून माणूस खरं बोलतो."

शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, दालनात गाद्या गोल मांडल्या गेल्या. पांढऱ्या, कोऱ्या, कोपऱ्याला लेबल टाचलेल्या. चपला दाराशी काढाव्या लागल्यामुळे सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा हळवेपणा आला होता. पायमोजे दिसले की अधिकारी आणि कामगार यांतला फरक निम्मा होतो. भिंतीपलीकडे रूळ संथ गडगडत होता. छतातून ऊन येत होतं, कापसाचे तंतू वर जात होते, खाली येत होते. मालकीणबाई आल्या नव्हत्या. आपण असलो तर लोक मोकळे बोलणार नाहीत, शेवटी निर्णय ऐकायला येऊ, असा त्यांचा निरोप होता. मुख्याध्यापिकांना मात्र त्यांनी आग्रहाने बोलावलं होतं. गादी एक कमी पडली म्हणून तपासनीस भिंतीशी ठेवलेल्या, मुख्याध्यापिकांनी परत आणलेल्या गादीवर बसले.

"प्रश्न असा," तपासनीस म्हणाले, "की जे खरं नाही असं आपल्याला माहीत आहे, ते आपण का शिवतो?"

शिलाईच्या बाईंचं टोपणनाव टाचणीबाई. ओठांत टाचण्या धरूनच त्या बोलत आणि आजवर एकही गिळलेली नव्हती. "मला नका विचारू," त्या म्हणाल्या. "मी शिवते. लिहिलं मी नाही."

हिशेबनीसांनी मान जपून वळवली. "एक तांत्रिक मुद्दा आहे. लेबलावर माणूस म्हटलंय, तो कोण आणि केव्हाचा ते कुठं म्हटलंय?"

"अनुभव," तपासनीसांनी आठवण दिली.

"अनुभव सांगतो. माझ्या घरी आपलीच गादी आहे. आडवं होताना लेबल दिसतं. वाचलं की बरं वाटतं. एवढंच."

"म्हणजे तुम्ही असं म्हणताय," टाचणीबाई म्हणाल्या, "की खोटं आहे हे ठाऊक असून वाचायला बरं वाटतं. मी बरोबर सांगितलं का?"

"मी असं मुळीच म्हणालो नाही!"

"मग परत सांगा."

हिशेबनीसांनी परत सांगितलं. टाचणीबाईंनी ते पुन्हा तसंच परत केलं. त्यांनी शब्द बदलले, बाईंनी अर्थ बदलला नाही. अशा बऱ्याच खेपा झाल्यावर हिशेबनीसांचा चेहरा सुतकी झाला. "हो," ते म्हणाले. "तसंच म्हणालो मी."

बाकीचे आपापल्या पायमोज्यांकडे बघू लागले. एखाद्याने स्वतःचं वाक्य पहिल्यांदाच ऐकलं की इतर बघतात तसे.

"मी गादी पोचवायला जातो ना," ट्रकचा ड्रायव्हर एकदम म्हणाला, "तर लोक लेबल वाचून मला विचारतात, तूच का तो झोपणारा?"

"मग?"

"मी हो म्हणतो." त्याने पायमोज्याचं भोक बोटाने झाकलं. "चहा देतात. एकदा एका आजीबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, गुणी आहे गं पोरगा, किती शांत झोपतो."

"हे नियमात बसत नाही," परिपत्रक म्हणाले. पण कुठल्या, ते त्यांना सुचलं नाही. बहुधा त्यामुळेच ते चिडले आणि इतका वेळ जो प्रश्न सगळ्यांनी चुकवला होता तो त्यांनी विचारून टाकला. "मी स्पष्टच बोलतो. लेबल काढलं तर तपासनीसांचं काय?"

सगळ्यांनी तपासनीसांकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं. तपासनीसांच्या घशाशी एक वाक्य आलं होतं. बायकोने गॅलरीतून ओरडून सांगितलेलं तेच वाक्य. ते त्यांनी गिळलं.

"संवादक मत देत नाही," ते म्हणाले. आपल्याला हे किती सन्मानाने बोलता आलं, असं त्यांना वाटून गेलं. पण आवाज बारीक आला होता.

मुख्याध्यापिकांनी हात वर केला. आयुष्यभर इतरांचे हात बघून त्यांना तीच सवय लागली असावी. "मी मत विचारत नाही. अनुभव विचारते. अनुभव सांगायला तुम्हाला बंदी आहे?"

तपासनीसांनी मनातल्या मनात नियम तपासले. बंदी नव्हती.

"तुम्हाला झोप लागते?"

"नाही."

"कधीपासून?"

हा प्रश्न त्यांना डॉक्टरांनीही विचारला नव्हता. ते विचार करू लागले. भिंतीपलीकडे गडगडाट चालू होता. "रूळ आल्यापासून," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्ही असं म्हणताय," मुख्याध्यापिका सावकाश म्हणाल्या, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावं असं, "की ज्या दिवसापासून तुम्ही न झोपता मान डोलवायला लागलात, त्या दिवसापासून तुम्हाला झोप नाही. मी बरोबर सांगितलं का?"

आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून इतकी सरळ निघालेली तपासनीसांनी कधी ऐकली नव्हती. ती ऐकताना खांद्यावरचं काहीतरी खाली ठेवल्यासारखं झालं.

"बरोबर," ते म्हणाले.

आता पुढे काय करायचं ते त्यांना सुचेना. प्रशिक्षणात सांगितलं होतं, सुचेनासं झालं की प्रश्न मोठा आहे असं समजावं. त्यांनी घंटी वाजवली.

दालन गप्प झालं. घंटीचा आवाज छताशी गेला, काचेला टेकला आणि तंतूंबरोबर हळूहळू खाली आला. थोडाच वेळ थांबायचं, तपासनीसांनी ठरवलं. पाठ भिंतीला टेकली होती, ती जरा खाली सरकली. गादी काही वाईट नव्हती. भरण चांगलं होतं, कोपरे एकसारखे होते. हे आपण हाताने कधीच ओळखू शकलो नसतो, असं त्यांच्या मनात आलं. मग थोरले मालक आले आणि उशाशी बसले. रूळ ढग झाला होता आणि दालनावरून सावकाश निघाला होता. खाली लेबलांचा पाऊस चालू होता, पांढरा, कोरा, काहीच न लिहिलेला. 'लागली का?' थोरल्या मालकांनी विचारलं. 'लागतेय,' तपासनीस म्हणाले.

यापुढचं त्यांना नंतर कळलं, ते असं.

तपासनीस आडवे झाले आहेत आणि घंटी त्यांच्या मुठीत आहे, हे पहिल्यांदा हिशेबनीसांच्या लक्षात आलं. त्यांनी खूण केली. टाचणीबाईंनी उलट खूण केली, की मुठीला हात लावायचा नाही, नियम आहे. सगळ्यांनी परिपत्रकांकडे पाहिलं. परिपत्रकांनी तोंड उघडलं, त्यांना स्वतःचंच परिपत्रक आठवलं, आणि त्यांनी ते मिटलं. मग तपासनीस घोरू लागले. टाचणीबाईंनी थोरल्या मालकांच्या काळापासून तसं घोरणं ऐकलं नव्हतं; त्यांचा हात सवयीने सुईकडे गेला आणि लेबल आधीच टाचलेलं आहे हे पाहून मागे आला.

पलीकडून रुळावरचा माणूस काय झालं ते बघायला आला. त्याला खुणेनेच सांगितलं गेलं. त्याने डोकं खाजवलं, आत गेला आणि रूळ बंद केला. आवाजाने उठतील, दुसरं काय. रूळ थांबला तसं भरणखातं थांबलं. फाटकाशी माल न्यायला आलेल्या गाडीवाल्यांनी भोंगा वाजवायला हात उचलला तर फाटकावरच्या माणसाने त्यांच्याकडे असं पाहिलं की तो हात त्यांनी केसांतून फिरवला. सगळा कारखाना एका माणसाच्या उशाशी बसल्यासारखा गप्प झाला.

शेवटी मालकीणबाई निर्णय ऐकायला आल्या. बंद रूळ बघून त्यांच्या तोंडून काहीतरी निघणारच होतं, पण मुख्याध्यापिकांनी ओठांवर बोट ठेवलं. मुख्याध्यापिकांच्या बोटाला मालकांनाही मान द्यावा लागतो. शिवाय नियम बाईंनीच आणलेले. त्यांनी चपला काढल्या आणि एका गादीच्या रिकाम्या कोपऱ्यावर बसल्या. थोडा वेळ त्या ताठ होत्या. पण जेवणानंतरची वेळ, उन्हाचा पट्टा, तंतूंचं ते खालीवर होणं, आणि बोलायची बंदी. माणसाला बोलता येईनासं झालं की त्याचं दुसरं काय होणार? आधी ड्रायव्हर गेला. मग हिशेबनीस, मान जपून. मग एकेक करून सगळे.

तपासनीस जागे झाले तेव्हा ऊन भिंतीवर गेलेलं होतं. समोर माणसं पसरलेली होती आणि कुठेच आवाज नव्हता. अजून स्वप्नच चालू आहे, त्यांनी ठरवलं, आणि आपली नोकरी गेलेली असणार हेही त्याच निवांतपणे ठरवलं. जाग्या होत्या त्या एकट्या मुख्याध्यापिका.

"लागली?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"लागली."

"कशी?"

हेच विचारायला त्या टेम्पो करून आल्या होत्या. तपासनीसांनी घाईने उत्तर दिलं नाही. "नक्की सांगता येणार नाही," ते म्हणाले. "आधी खरं बोललो होतो. त्याने असेल. पण जेवणही जरा जास्त झालं होतं."

"एका अनुभवावरून नियम करू नये," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांना उत्तर पसंत पडलं होतं. त्यांनी वाकून तपासनीस झोपले होते त्या गादीचा कोपरा उचलला, लेबल वाचलं आणि हाताने सारखं केलं. "आता हे खरं झालं. मी माझी गादी घेऊन जाते. ड्रायव्हर उठला की सांगा."

तपासनीस अनवाणी पायांनी दालनातून फिरू लागले. हिशेबनीस तोंड उघडं टाकून पडले होते आणि त्यांचा कुठलाही तांत्रिक मुद्दा नव्हता. टाचणीबाईंच्या ओठांत टाचण्या झोपेतही जागच्या जागी होत्या. परिपत्रक पोटाशी पाय घेऊन, 'इतर' या सदरात गाढ झोपले होते. प्रत्येक गादीच्या कोपऱ्याला लेबल होतं, आणि तपासनीस वाकून एकेक वाचत होते, एकेकावर मान डोलवत होते. रूळ आल्यापासून आज पहिल्यांदा तपासणी चालली होती.

"वाजवू नका अजून," मालकीणबाईंचा आवाज आला. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. "काय ठरलं?"

"काही नाही. सगळे झोपले."

"तुम्हाला काय वाटतं?"

"संवादकाने मत—"

"घंटी इकडे द्या." त्यांनी हात पुढे केला. तपासनीसांनी घंटी त्यांच्या तळहातावर ठेवली. तिचा जराही आवाज होऊ न देता. "आता सांगा."

तपासनीसांना वाटलं होतं आपण पुष्कळ बोलू. पण बोलायची वेळ आली तेव्हा थोडंच निघालं. "जिथं खरं आहे तिथं लेबल ठेवावं. बाकीच्या गाद्या रुळाने तपासल्यात, त्यांच्यावर तसं लिहावं. आणि मला ही नोकरी हवी आहे."

"आणि एखाद्या दुपारी तुम्हाला झोप लागली नाही तर?"

"तर त्या दुपारी लेबल नाही."

मालकीणबाईंनी मिटल्या डोळ्यांनीच घंटी छातीशी धरली. त्या पुन्हा झोपल्या असाव्यात, असं तपासनीसांना वाटायला लागलं.

"म्हणजे तुम्ही असं म्हणताय," त्या अखेर म्हणाल्या, "की या कारखान्यात सगळे घाम गाळत असताना मी तुम्हाला झोपायचा पगार द्यायचा. मी बरोबर सांगितलं का?"

तपासनीसांनी त्या वाक्यात कुठे फट आहे का ते बघितलं. नव्हती.

"बरोबर," ते म्हणाले.

"माझे वडील हेच करायचे," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांनी घंटी कुशीखाली सरकवली आणि कूस बदलली. "सोमवारपासून सुरू करा. आणि आवाज न करता जा."

संध्याकाळी तपासनीस घरी आले आणि आरामखुर्चीत बसले. जिन्यात वकिलांनी गाठलंच होतं. घंटी हातची गेली हे ऐकून त्यांनी खेदाने मान हलवली होती, म्हणजे खटला हरलात. बायको मात्र काही न विचारता समोर येऊन उभी राहिली. काहीही विचारलं तर उलट काय प्रश्न येईल, याचा भरवसा नव्हता.

तपासनीसांनी सगळं सांगितलं. गाद्या, टाचणीबाई, पायमोजे, मुख्याध्यापिकांचं बोट, लेबलांचा पाऊस. सांगता सांगता त्यांचा आवाज खाली खाली येत गेला. बायकोने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ती त्यांच्याजवळ बसली आणि इतके दिवस जे करायला तिने साफ नकार दिला होता ते तिने केलं.

"म्हणजे तुम्ही असं म्हणताय," ती म्हणाली, "की तुम्ही शेवटी सरळ सांगितलंत, आणि नोकरी राहिली. मी बरोबर सांगितलं का?"

उत्तर आलं नाही. तिने वाकून पाहिलं. हो म्हटल्याशिवाय पुढे बोलायचं नाही, असा नियम होता. तिने पंखा जरा कमी केला, गॅलरीचं दार हळूच लोटून घेतलं, आणि तशीच शेजारी बसून राहिली.